मध्यस्थ कशाला हवा?

आमच्या ख्रिस्ती मंडळीतील (चर्चमधील) तरुण संघाने विश्वासाचे तर्कशुद्ध समर्थन शिकण्यासाठी अभ्यासवर्ग सुरू केला, तेव्हा हाती आलेली बहुतेक पुस्तके इंग्रजीवरून मराठीत आणलेली होती आणि त्यांची सुरुवातीची प्रकरणे देव आहे हे सिद्ध करण्यातच खर्ची पडलेली होती. विश्वाला आरंभ आहे म्हणून त्याला कारण असले पाहिजे, सृष्टीत योजना दिसते म्हणून योजक असला पाहिजे, अशी ती मांडणी. हे युक्तिवाद टाकाऊ मुळीच नाहीत. तेराव्या शतकात थॉमस अ‍ॅक्विनसने मांडलेल्या पाच मार्गांवर तत्त्वज्ञानाचे अभ्यासक आजही वाद घालतात. अडचण एवढीच, की अंबाबाईच्या या कोल्हापुरात देव आहे की नाही असे विचारणारा माणूस क्वचितच भेटतो. प्रेषित पेत्राने आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे, की तुमच्या आशेविषयी जो विचारपूस करील त्याला उत्तर देण्यास सिद्ध असा, आणि ते उत्तर सौम्यतेने द्या. म्हणजे आधी कोणी तरी विचारायला हवे, आणि त्याने जे विचारले आहे त्याचेच उत्तर द्यायला हवे.

काही प्रश्न तसे सोपे असतात, कारण ते माहितीचे असतात. समाजमाध्यमांवरून फिरत आलेला एक समज असा, की बायबलमधील पुस्तके इ. स. 325 मध्ये निकिया येथील परिषदेत सम्राट कॉन्स्टन्टाइनच्या दबावाखाली मतदान घेऊन ठरवली गेली. त्या परिषदेत वाद झाला तो, येशू हा देवाने निर्माण केलेला आहे असे मानणाऱ्या एरियसच्या मतांवर आणि पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) कोणत्या दिवशी पाळावा यावर. तिने केलेले वीस नियम उपलब्ध आहेत आणि त्यांत शास्त्राच्या पुस्तकांची यादी नाही. दुसरा समज, येशू तरुणपणी हिंदुस्थानात येऊन शिकून गेला, हा. तो पसरला मुख्यतः निकोलस नोटोविच या रशियन प्रवाशाच्या 1894 च्या पुस्तकामुळे. लडाखमधील हेमिस मठात आपल्याला येशूचे चरित्र दाखवले गेले, असे त्याने लिहिले होते. पुढच्याच वर्षी आग्र्याचे प्राध्यापक डग्लस स्वतः त्या मठात गेले, तेव्हा असा कोणताही ग्रंथ मठात नसल्याचे तेथील प्रमुख लामांनी त्यांना सांगितले. अशी उत्तरे वर्गात तासाभरात शिकवता येतात. ती पाठ असणे चांगले, पण त्यांनी कोणाचे मन हलते असा माझा अनुभव नाही.

मन हलवणारा प्रश्न आमच्या शेजारच्या काकांनी विचारला. काका निवृत्त शिक्षक, घराणे सत्यशोधक विचारांचे, आणि बोलणे फटकळ. उपासनेहून परतताना त्यांनी मला फाटकाशी थांबवले आणि म्हणाले, “भटजी नको म्हणून आमचे आजोबा भांडले, लग्नेसुद्धा त्याच्याशिवाय लावली, आणि तू मला आता दुसरा मध्यस्थ आणून देतोस होय?” या प्रश्नाची मुळे खास या मातीतली आहेत. पंचगंगेवरील स्नानाच्या वेळी शाहू महाराजांचा राजपुरोहित क्षत्रियांसाठीच्या वेदोक्त मंत्रांऐवजी शूद्रांसाठीचे पुराणोक्त मंत्र म्हणतो, हे 1899 च्या सुमारास उघड झाले आणि त्यातून वेदोक्ताचे प्रकरण पेटले. स्वतः राजाला जन्मामुळे एक मंत्र नाकारला जात होता. पुढे 1911 मध्ये शाहू महाराजांच्या पाठिंब्याने कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, ही जोतीरावांची शिकवण येथील घराघरांत मुरलेली आहे. अशा माणसापुढे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील ‘देव आणि मानव यांच्यामध्ये एकच मध्यस्थ’ हे वचन नुसते म्हणून दाखवणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय.

आम्ही हा प्रश्न वर्गात घेतला आणि नव्या करारातील इब्री लोकांस पत्र उघडले. पत्र लिहिणाऱ्यासमोरही याच जातीची अडचण होती: मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे याजकपण, म्हणजे पुरोहितपण, लेवीच्या वंशाकडे, त्यातही अहरोनाच्या घराण्याकडे, जन्माने चालत आलेले. सातव्या अध्यायात लेखक सरळ कबूल करतो, की आपला प्रभू यहूदा वंशातला आहे आणि त्या वंशाविषयी मोशेने याजकपणाच्या संबंधात काहीच सांगितलेले नाही. म्हणजे जन्माच्या कसोटीवर येशू याजक ठरतच नाही. ही उणीव झाकण्याऐवजी लेखक तिच्यावरच आपला सगळा युक्तिवाद उभारतो आणि म्हणतो, की हे याजकपण वंशाच्या नियमाने आलेले नसून अक्षय जीवनाच्या सामर्थ्याने आलेले आहे. पुढे दहाव्या अध्यायात तो वाचकांना, पडद्यातून आत, परमपवित्रस्थानात, म्हणजे मंदिराच्या गाभाऱ्यात, धैर्याने या, असे बोलावतो. जेथे वर्षातून एकदा केवळ प्रमुख याजकच जाऊ शकत असे, तेथे आता सर्वांनी. सत्यशोधकांचा आक्षेप होता तो जन्माच्या हक्काने वाटेत बसून दक्षिणा घेणाऱ्यावर. इब्री पत्रातला मध्यस्थ वाट अडवत नाही, स्वतःचे रक्त देऊन ती मोकळी करतो. मला हा नव्या करारातील सर्वांत कोल्हापुरी अध्याय वाटतो. देवविज्ञानाच्या जाणकारांनी या विशेषणाबद्दल क्षमा करावी.

काकांनी हे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मग तुमचे पाळकसाहेब कशाला?” हा प्रश्नही रास्तच होता, आणि पाळक हा शिकवणारा व सेवा करणारा आहे, त्याच्यावाचून प्रार्थना अडत नाही, एवढेच मी सांगू शकलो.

याहून अवघड प्रश्न 2019 च्या ऑगस्टमधील महापुरानंतर पुढे आला. पंचगंगा गावात शिरली, महामार्ग बंद पडला, शिरोळ तालुक्यातील गावेच्या गावे पाण्यात गेली. देव चांगला आणि सर्वसमर्थ असेल तर हे कसे, याला पुस्तकी उत्तर माणसाच्या इच्छास्वातंत्र्याचे आहे. पण नदीला इच्छास्वातंत्र्य नसते. पूररेषेतील बांधकामे आणि धरणांतील पाण्याचे नियोजन यांचा दोष माणसाच्या पदरात घालता येतो, तरी सगळा पाऊस माणसाच्या माथी मारता येत नाही. येथील बहुतेक शेजारी यावर पूर्वकर्माचे उत्तर देतात, आणि ते हसण्यावारी नेऊ नये, कारण दुःखाला हिशेब आहे आणि अन्याय अखेर फिटतो, असा दिलासा त्यात आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाला पाहून शिष्य नेमके असेच विचारतात: पाप याने केले की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, याने नव्हे आणि त्यांनीही नव्हे. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांविषयीही तो तेच सांगतो. ते इतरांहून अधिक दोषी नव्हते. दुःख का येते याचे संपूर्ण उत्तर यात मिळत नाही, परंतु ज्याचे घर वाहून गेले त्यालाच आरोपी करणारे उत्तर यात नाकारलेले आहे. ख्रिस्ती विचाराला याबाबत जेवढे तर्काने म्हणता येते तेवढेच म्हणावे, अशा मताचा मी आहे. पुराच्या त्या दिवसांत ज्यांनी निवारा केंद्रांवर भाकऱ्या पोहोचवल्या, त्यांनी वाद घातला नाही.

वाद कसा घालावा याचा आमच्याकडचा धडा मात्र मराठी घराण्यातल्याच एका माणसाचा आहे. कोकणस्थ कुटुंबातील आणि काशीत वाढलेल्या नीळकंठशास्त्री गोरे यांनी स्कॉटिश संस्कृततज्ज्ञ जॉन म्यूर यांच्या ख्रिस्ती मताच्या संस्कृत ग्रंथाला 1844 मध्ये संस्कृतातूनच खंडनाने उत्तर दिले, आणि पुढे 1848 मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या गोरे झाले. नंतर त्यांनी षड्दर्शनांची चिकित्सा केली ती ही दर्शने आतून जाणणाऱ्या पंडिताच्या अधिकाराने, आणि पंडिता रमाबाईंच्या विचारांवर त्यांचा प्रभाव पडला. त्यांचे सगळेच निष्कर्ष मला पटत नाहीत. अद्वैताला ते कधी कधी पुरता न्याय देत नाहीत असे वाटते. पण त्यांच्यापासून आम्ही वर्गाला एक नियम घालून घेतला आहे: समोरच्याचे मत आपण आपल्या शब्दांत मांडून दाखवावे, आणि “हो, मला हेच म्हणायचे आहे” असे त्याने म्हटल्यावाचून उत्तराला हात घालू नये. या नियमामुळे वर्ग फार संथ चालतो आणि काही उत्साही मुले कंटाळून येईनाशी झाली.

कायद्याची बाजूही आम्ही शिकवतो. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्माचा प्रचार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, मात्र त्यात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये दिला. मला यात फारशी अडचण दिसत नाही. तर्काने बोलणाऱ्याला समोरच्याचा नकार ऐकून घेता आलाच पाहिजे, आणि आमिष दाखवणाऱ्याला मुळात तर्काची गरजच नसते.

सध्या वर्गापुढे जो प्रश्न आहे तो पुन्हा काकांचाच: “ख्रिस्ती झाल्यावर तुमच्यात जात गेली काय?” गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील यहूदी-हेल्लेणी (ग्रीक), दास-स्वतंत्र हा भेद उरला नाही हे वचन सर्वांना तोंडपाठ आहे. सोयरीक जुळवताना मूळ घराणे कोणते म्हणून हळूच चौकशी होते, हेही सर्वांना ठाऊक आहे. एका मुलीने वर्गात सुचवले, की आधी दुसरी गोष्ट सांगावी आणि मग पहिली. त्यावर बरीच चर्चा झाली, वडीलधाऱ्यांपैकी दोघांना ते रुचले नाही, आणि पुढच्या रविवारी काकांनाच वर्गात बोलवावे असे ठरले आहे.