‘हुशार आहे, पण लिहायला नको’

‘तोंडानं विचारा, सगळं सांगतो. लिहायचं म्हटलं की पळतो.’ कोल्हापुरात आई-वडील हे आळसाचा पुरावा म्हणून सांगतात. शिक्षकांनी ते टिपून घ्यावं, कारण तोंडी आणि लेखी यांत एवढी दरी असणं ही अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचणं, लिहिणं किंवा गणित अडण्याची, मोठी खूण आहे. ‘बापावर गेलाय. तो तरी कुठं शिकला? आज गुऱ्हाळ चालवतोयच की!’ हे आजीचं समाधानही तसंच. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अध्ययन अक्षमता, बऱ्याचदा घराण्यात उतरतो. म्हणजे आजी नकळत निदानाला उपयोगी माहितीच देत असते.

सगळ्यात जास्त फसवते ती बाराखडी. आपल्याकडं पाठांतराला फार मान. क, का, कि, की घडाघडा म्हटलं की मूल वाचायला लागलं, असं धरून चालतात. मधलीच अक्षरं दाखवून बघा: के, मू, पी, तो. पाठांतरावर निभावणारं मूल तिथं अडतं, नाहीतर मनात पहिल्यापासून म्हणत तिथवर येतं. मग वही उघडा. काना-मात्रा गळालेल्या, घ-ध आणि भ-म यांची अदलाबदल, जोडाक्षरं फोडलेली. ऱ्हस्व-दीर्घ सोडून द्या, ते मोठ्यांचंही चुकतं. ‘सव्वीस’ ऐकून ६२ लिहिलं तरी लगेच घाबरू नका. मराठीत एकक आधी ऐकू येतो. चौथीतही तेच होत असेल तर मात्र बघायला हवं.

घरचा उपाय ठरलेला: शब्द दहा वेळा लिही. मूल अक्षराचं चित्र उतरवतं, आवाज जोडतच नाही, म्हणून अकराव्या वेळी पुन्हा चुकतं. त्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं, चार अक्षरं आणि एकच मात्रा घ्यावी, मोठ्यानं उच्चारत लिहून घ्यावी.

मुलींचं कळायला उशीर होतो. फळ्यावरचं सुबक उतरवणारी शांत मुलगी कुणाच्या नजरेत येत नाही. आली तरी ‘अपंगाचा दाखला? उद्या लग्न ठरवताना?’ हा प्रश्न असतोच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, हे सांगून ती भीती जात नाही. बुद्धी कमी म्हणून हा दाखला मिळत नसतो, हे आधी सांगावं. आणि शक्यतो आईसोबत आजीलाही बसवून, कारण घरात शब्द तिचा चालतो.

निदानाच्या चाचणीआधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. चाचणी मूल शिकतं त्या माध्यमातच हवी. दाखला वयाच्या आठ वर्षांनंतर मिळतो. दहावीचा फॉर्म भरताना धावपळ करण्यापेक्षा चौथी-पाचवीतच सुरुवात केलेली बरी, कारण दाखल्यावर परीक्षेत मिळणाऱ्या सवलतीनं वेळ वाढतो, वाचन नाही.