वर्गाकडे तोंड करून

शाळेत नृत्य शिकवता शिकवता मी करत असलेल्या एम.ए.च्या पहिल्या सत्रातली दुसरीच असाइनमेंट. स्वतःच्या एका तासाचं चित्रीकरण करायचं आणि मग तो तास मिनिटामिनिटाने तक्त्यात मांडायचा: बाई बोलताहेत, बाई करून दाखवताहेत, मुलं नुसती उभी आहेत, मुलं नाचताहेत. मी सहावीचा वर्ग निवडला, माझा सगळ्यात लाडका. मोबाईल खिडकीच्या कट्ट्यावर टेकवला आणि नेहमीसारखा तास घेतला. रात्री सगळं आवरल्यावर तक्ता भरायला बसले. ४० मिनिटांच्या तासात मुलं जेमतेम १३ मिनिटं नाचली होती. बाकीचा वेळ मी बोलत होते, रांगा लावत होते, गाणं मागे-पुढे करत होते.

पण मला हलवून टाकलं ते दुसऱ्याच गोष्टीने. त्या १३ मिनिटांतही मी मुलांकडे पाठ करून उभी होते. बाईंनी पुढे उभं राहून करायचं, मुलांनी मागून बघून करायचं. मी स्वतः अशीच शिकले आणि १४ वर्षं अशीच शिकवत आले. म्हणजे इतक्या वर्षांत माझ्या मुलांना नाचताना मी धड पाहिलंच नव्हतं.

शेवटच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला एक मुलगा होता. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी आदल्याच परीक्षेनंतर 'लयीकडे लक्ष द्यावे' असा शेरा लिहिला होता. व्हिडिओत तो प्रत्येक हालचाल अर्धी मात्रा उशिरा करत होता, त्यामुळे शेरा बरोबरच वाटला. तोच तुकडा पुन्हा लावला तेव्हा कळलं, त्याला मी दिसतच नव्हते. मध्ये खांब येत होता. तो पुढच्या मुलीचं बघून करत होता, म्हणून मागे पडत होता. नंतर मी पुढच्या रांगेला काहीतरी समजावायला थांबले, गाणं मागे बारीक आवाजात चालूच होतं, बाकीची मुलं चुळबुळत होती, आणि याची बोटं मांडीवर ठेका धरून होती. आवाज मोठा करून मी मोजलं. दोन मिनिटांत सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, एकदाही चुकली नव्हती. दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकेकडून त्याचं प्रगतिपुस्तक मागून घेतलं, शेरा खोडला, बाजूला सही केली.

खरं तर मी प्रवेश घेतला होता तो वेगळ्याच कारणाने. शाळेत नृत्य शिकवणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको: परीक्षा जवळ आली की आपला तास गणिताला जातो, कुणी रजेवर असलं की प्रॉक्सीला आपण, आणि स्नेहसंमेलन आलं की अख्खी शाळा आपल्या डोक्यावर. 'तेवढाच मुलांना विरंगुळा' हे वाक्य मी स्टाफरूममध्ये किती वेळा ऐकलं असेल. प्रत्येक वेळी वाटायचं, नाही, इथे काहीतरी फार महत्त्वाचं चाललेलं असतं. पण काय, ते मला सांगता यायचं नाही. कथकचं माझं शिक्षण पक्कं होतं, हात-पाय-नजर सगळं होतं, शब्द नव्हते. ते मिळवायला मी नृत्यशिक्षणातल्या एम.ए.ला अर्धवेळ प्रवेश घेतला. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, निम्मे निम्मे विषय घेत चार वर्षांत पूर्ण करायचा. शनिवार-रविवार वर्ग, बाकी वाचन आणि लेखन घरी.

ज्यांना हे करायचं आहे त्यांना आधी हे सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. प्रवेशाआधी विषयांची यादी सगळेच बघतात. त्याऐवजी चार प्रश्न विचारा. प्रात्यक्षिक अध्यापन स्वतःच्या शाळेत केलेलं चालतं का? कामाच्या दिवशी किती वेळा हजर राहावं लागतं? एखादं सत्र सोडावं लागलं तर पुढच्या वर्षी तिथूनच सुरू करता येतं का? आणि मार्गदर्शक होणाऱ्या व्यक्तीने कधी मुलांना शिकवलंय का? यातला पहिला प्रश्न लाखमोलाचा. स्वतःचा वर्ग हीच प्रयोगशाळा असेल तर अर्धवेळ शिकण्यासारखं सुख नाही. शनिवारी वाचलेलं सोमवारी वर्गात करून बघता येतं, आणि सोमवारी फसलेलं पुढच्या शनिवारी विचारता येतं. पूर्णवेळ शिकणाऱ्या माझ्या वर्गमैत्रिणींना वेळ होता, पण मुलं नव्हती.

वेळेची ओढाताण झालीच. दुसऱ्या वर्षी निबंध द्यायची शेवटची तारीख नेमकी स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात आली. शाळेकडे दोन दिवसांची रजा मागितली, ती नाकारली गेली. 'तुमच्या हौसेसाठी शाळेने का थांबायचं?' असं मला तोंडावर ऐकवलं गेलं. ते मनाला लागलं आणि अजूनही लागतं. मी विभागाकडे दहा दिवसांची मुदतवाढ मागितली, ती मिळाली. त्यानंतर दरवर्षी सत्राच्या पहिल्याच आठवड्यात दोन्हीकडची वेळापत्रकं शेजारी ठेवून अडचणीच्या तारखा आधीच लेखी कळवायला लागले.

अवघड गेलं ते लिहिणं. तत्कार, म्हणजे कथकमधलं पायांचं मूळ काम, कसा करायचा हे माझ्या पायांना पाठ होतं, पण 'एक हालचाल पाहून तिचं वर्णन ३०० शब्दांत करा' म्हटल्यावर मी दोन ओळींत संपले. 'छान', 'डौलदार', 'जोरकस'. एम.ए.ला शिकवणाऱ्या मॅडमनी कागद परत दिला. म्हणाल्या, "अगं, ही तुझी मतं झाली. तुला दिसलं काय ते लिही."

तिथे हालचालींचा अभ्यासक लाबान कामाला आला. रुडॉल्फ लाबानने (१८७९–१९५८) नृत्य कागदावर उतरवण्याची लिपी १९२८ मध्ये प्रसिद्ध केली, हे परीक्षेपुरतं सगळ्यांना माहीत असतं. शाळेतल्या शिक्षकाच्या जास्त उपयोगाचं आहे ते त्याचं पुढचं काम. हालचाल कशी केली जाते हे तो वजन, वेळ, अवकाश आणि ओघ यांवरून बघतो. पहिल्या तिघांची टोकं घेतली, म्हणजे जड की हलकी, झटक्यात की सावकाश, सरळ की वळणावळणाची, तर आठ मूळ क्रिया तयार होतात. वाचता वाचता लक्षात आलं की या आठही क्रियांना मराठीत खणखणीत क्रियापदं आहेत: ठोसणं, दाबणं, फटकारणं, पिळणं, टिपणं, सरकणं, झटकणं, तरंगणं. सोमवारी मी हे आठ शब्द फळ्यावर लिहिले आणि काहीही करून न दाखवता मुलांना म्हटलं, "पिळा." कुणी ओला कपडा पिळला, कुणी स्वतःचं कोपर, आणि एका मुलीने पायाच्या अंगठ्यापासून सुरू करून मानेपर्यंत अख्खं अंग पिळत नेलं. "आता तेच, पण हलकं." वर्गात एक क्षण शांतता, आणि मग पिळणं सुटत सुटत तरंगणं झालं. जडपणा काढला की पिळण्याचं तरंगणं होतं, हे पुस्तकात कोष्टक होतं. माझ्यासमोर ते पन्नास मुलांनी केलं, आणि मी त्यांच्याकडे तोंड करून उभी होते म्हणून ते मला दिसलं.

नृत्यशिक्षणाच्या इतिहासाचा पेपर मला कोरडा वाटला होता, मार्गारेट एच'डोब्लरपर्यंत येईस्तोवर. या बाई नर्तकी नव्हत्या. विस्कॉन्सिन विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवायच्या, बास्केटबॉल घ्यायच्या, मूळ अभ्यास जीवशास्त्राचा. १९१७ मध्ये त्यांनी तिथे नृत्याचे वर्ग सुरू केले आणि १९२६ मध्ये त्याच विद्यापीठात अमेरिकेतला नृत्याचा पहिला पदवी अभ्यासक्रम उभा राहिला. वर्गात हाडांचा सांगाडा ठेवायच्या. विद्यार्थिनींना आधी जमिनीवर झोपवायच्या, म्हणजे तोल सावरायची चिंता न राहता कोणता सांधा कुठवर जातो ते शांतपणे शोधता यावं. आणि त्या स्वतः करून दाखवत नसत. हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले. गुरूंच्या पायांकडे बघून शिकण्यातच माझी सगळी घडण झालेली. करून न दाखवता नृत्य शिकवता येतं, ही कल्पना मला आधी जवळजवळ अपमानासारखी वाटली. पण खांबाजवळचा तो मुलगा डोळ्यांसमोरून जात नव्हता.

शरीरशास्त्राच्या पेपराबद्दलही सांगायलाच हवं, कारण त्याचा उपयोग परीक्षेच्या आधी झाला. सातवीतली एक चुणचुणीत मुलगी उड्या आल्या की गुडघ्याखाली हात धरून बसायची. पूर्वी मी म्हणाले असते, वॉर्मअप नीट कर. आता पाहिलं तर गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला, टेंगूळ आल्यासारखं होतं. उंची झपाट्याने वाढत असताना तिथलं हाड अजून कच्चं असतं आणि मांडीचा स्नायू प्रत्येक उडीला त्याला ओढत राहतो. धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या मुलांमध्ये हे दुखणं बऱ्याचदा दिसतं. निदान करणं माझं काम नव्हे. आईला बोलावून डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत तिच्या उड्या बंद केल्या. त्या काळात ती हातांच्या हालचाली आणि पढंत (नृत्याचे बोल तालात तोंडाने म्हणणं) करायची. वाढीच्या वयात लवचीकता काही महिने कमी होते, तोल बिघडतो, काल जमलेलं आज जमत नाही. अशा मुलांना 'आळशी झालीस' असं मी पूर्वी म्हटलेलं आहे. याचं मला वाईट वाटतं.

लघुप्रबंधाचा विषय मला शोधावा लागला नाही. शिक्षकाने समोर उभं राहून करून दाखवणं कमी केलं, तर मागच्या रांगेतल्या मुलांच्या सहभागात काय फरक पडतो? पद्धत कृतिसंशोधनाची. हा शब्द मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविनने १९४०च्या दशकात रूढ केला. योजना करायची, अमलात आणायची, निरीक्षण करायचं, विचार करून पुन्हा योजना. दहा आठवडे, एक वर्ग, आठवड्याला दोन तास.

त्याआधी नैतिक मान्यता. मला वाटलं पालकांच्या सह्या घेतल्या की झालं. मान्यता देणाऱ्या समितीने विचारलं, मुलांचं काय? आणि गुण तुम्हीच देणार असाल, तर मूल तुम्हाला 'नाही' कसं म्हणेल? हा प्रश्न मला १४ वर्षांत पडला नव्हता. शेवटी मुलांची संमती माझ्या गैरहजेरीत चित्रकलेच्या सरांनी घेतली. दोघांनी नकार दिला. ती दोघं तासाला सगळ्यांबरोबर नाचली, पण कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर आणि माझ्या नोंदींबाहेर.

पहिले तीन आठवडे वाईट गेले. गोंगाट, ढकलाढकली, आणि सगळ्यात जास्त तक्रार पुढच्या रांगेतल्या हुशार मुलींची: "बाई, तुम्ही करून दाखवा ना, आम्हाला चुकायचं नाहीये." मी घाबरून मॅडमना फोन केला की प्रयोग फसतोय. "मग फसतोय असं लिही," त्या म्हणाल्या. "तारीख घालून लिही." चौथ्या आठवड्यात मी मस्का मॉस्टनची युक्ती वापरली. शारीरिक शिक्षणात शिकवण्याच्या शैलींची मांडणी त्याने १९६६ मध्ये केली, आणि त्यातलं तिरक्या दोरीचं उदाहरण प्रसिद्ध आहे. दोरी आडवी सरळ धरली की उंचावरून उडी न जमणारी मुलं बाद होतात. तीच एका बाजूला उंच, एका बाजूला ठेंगणी धरली की प्रत्येकाला आपली उंची निवडता येते. मी नृत्याचा एकच तुकडा तीन पातळ्यांवर दिला: नुसते पाय, पाय आणि हात, पाय-हात-गिरकी. निवड मुलांची. शिवाय जोड्या लावल्या, एकाने करायचं, दुसऱ्याने हातातल्या कार्डावरच्या तीनच गोष्टी बघायच्या. खांबाजवळचा मुलगा लय बघणारा म्हणून इतका नेमका निघाला की बाकीच्या जोड्या त्याला बोलवायला लागल्या.

निष्कर्ष मला हवा होता तितका देखणा आला नाही. नवीन पदन्यास असेल तर करून दाखवायलाच लागतं. शब्दांवर सोडलं की मुलं चुकीचं घोटतात आणि ते सुटता सुटत नाही. प्रबंधात मी लिहिलं ते इतकंच: दोनदा दाखवा, मग तिथून निघा, आणि दर पाच मिनिटांनी मागची रांग पुढे आणा. मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, एवढ्यासाठी चार वर्षं? मी त्यांना पहिला आणि शेवटचा तक्ता शेजारी ठेवून दाखवला. पहिल्यात १३ मिनिटं, शेवटच्यात २४. त्यांनी दोन्ही वर्गांची पटसंख्या विचारली, जागा तीच होती का ते विचारलं, आणि पुढचा प्रश्न घेतला.

स्टाफरूममध्ये माझा तास अजूनही मागितला जातो. आता मी तक्ता काढून दाखवते आणि या २४ मिनिटांत मुलं काय शिकतात ते सांगते. कधी तास वाचतो, कधी नाही. चित्रीकरण दर सत्रात एकदा चालू आहे, मोबाईल त्याच कट्ट्यावर. सहावी-सातवीचं बरं चाललंय. पाचवीच्या वर्गात मात्र आकडा १६च्या पुढे जात नाही, आणि मी अजून फार बोलते असं तक्ता सांगतो. या सत्रात त्यांच्यासाठी आठऐवजी चारच क्रियापदं घेऊन बघणार आहे.