मोर्चा संपला, आता फलक जपा

कोल्हापूरच्या बिंदू चौकातल्या बायकांच्या मोर्चातून परतलेले फलक बहुतेक वेळा कुणाच्या तरी माळ्यावर जातात आणि एका पावसाळ्यात त्यांची वाट लागते. आधी मऊ पेन्सिल घ्या. मागच्या बाजूला कोपऱ्यात तारीख, ठिकाण आणि मागणी लिहा. बॉलपेन दाबून लिहिलं की पुढे उमटतं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्या विषयावरचं बिनतारखेचं पत्रक ठरावाआधीचं की नंतरचं, हे पुढे कोण सांगणार?

फलक धुऊ-पुसू नका. स्केचपेनची अक्षरं भिजून जांभळे ओघळ आले असतील, तर बाया भर पावसात उभ्या होत्या याचा तो पुरावा आहे. लॅमिनेशन तर अजिबात नको. तापवून चिकटवलेलं प्लास्टिक परत निघत नाही, पुठ्ठ्यातलं आम्लही आतच राहतं. जुनी सेलोटेप ओढली की पोस्टर कलरचा पापुद्रा तिच्याबरोबर येतो, म्हणून ती राहू द्या. स्टेपलच्या पिना मात्र गंजतात. त्यांचे पाय मागून बोथट सुरीने सरळ करून हळूच काढा.

काठीसकट फोटो काढल्याशिवाय काठी सुटी करू नका. तिच्यातून बारीक भुकटी पडत असेल तर आत कीड आहे. प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर दव थेट लाकडावर धरतं. पत्रकांना कसर लागली तरी हाच उपाय.

फ्लेक्सची घडी घातली की छपाई तडकते. छापील बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळा आणि कागदांपासून लांब ठेवा, कारण त्यातून तेलकट द्रव्य झिरपतं. कापडी बॅनरही गुंडाळूनच ठेवा.

२०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या गावात तळमजल्यावर काहीच ठेवू नये. वरच्या मजल्यावर, बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब, लोखंडी कपाट बरं. तरीही कागद भिजलाच, तर ४८ तासांत बुरशी धरू लागते. सावलीत, पंख्याच्या आडव्या वाऱ्यात टीपकागदावर पसरा आणि टीपकागद ओला झाला की बदला. एकमेकांना चिकटलेली पत्रकं ओढून सोडवू नका. गठ्ठा तसाच फ्रीजरमध्ये टाका, मग सवडीने बघता येतं.

सह्यांच्या कागदांवर बायकांची नावं-पत्ते असतात. मूळ प्रत कुलपात ठेवा. दाखवायला नावं झाकून झेरॉक्स काढा.