द्रासच्या वाटेवर, ट्रकच्या मागे

सोनमर्गहून सकाळी साडेसहाला निघालो आणि साडेसातला बालटालच्या वर अडकलो. झोजिलाचा चढ सुरू होतो तिथे गाड्यांची ही भली मोठी रांग लागलेली. वरून आर्मीचा कॉन्व्हॉय उतरत होता आणि तो खाली येईपर्यंत एकही गाडी सोडणार नव्हते. अर्धा तास गेला, पाऊण झाला. मी घड्याळ बघत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "यांना रात्री नेता येत नाहीत का गाड्या? टुरिस्टच्या वेळेतच कशाला?"

हे वाक्य मुद्दाम इथे लिहून ठेवतोय. त्याच दिवशी दुपारी द्रासच्या स्मारकापाशी मीच छातीवर हात ठेवून डोळे ओले करून उभा होतो, म्हणून.

मागच्या सीटवरून उत्तर आलं. "नेतात की रात्रीपण. आम्ही नेल्यात."

बोलणारे काका पुण्याहून आमच्याबरोबर निघालेले. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये आम्ही तेराजण. हे काका-काकू कायम शेवटच्या सीटवर, तेही न मागता. काका साठीच्या पुढचे, सडपातळ, श्रीनगरच्या उकाड्यातही शर्टाचं वरचं बटण लावलेलं. चार दिवसांत त्यांच्याविषयी आम्हाला एवढंच कळलं होतं, की ते एका बँकेत सिक्युरिटी सुपरवायझर होते. बँकेच्या आधी काय, हे आम्ही कोणी विचारलं नव्हतं. शिकारावाल्याच्या घरी मुलं किती, हे मात्र आम्हाला पहिल्याच दिवशी माहीत झालं होतं.

बँकेच्या आधी चोवीस वर्षं काका फौजेत होते. १९८१ ला भरती आणि २००५ ला पेन्शन. हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि जाता जाता ऑनररी नायब सुभेदार झाले. एएससी, म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअर. ट्रकवर ड्रायव्हर, फौजेच्या भाषेत एमटी, म्हणजे मेकॅनिकल ट्रान्सपोर्ट. त्रेचाळीसाव्या वर्षी फौज संपली, मुलगी तेव्हा आठवीत होती, मग बँक. शिपाई, हवालदार या वयातच घरी येतात. ज्या वयात आपण फ्लॅटचं दुसरं कर्ज काढतो, त्या वयात हे दुसऱ्या नोकरीच्या शोधात असतात. आपल्या सोसायटीच्या गेटवर रजिस्टर पुढे करणाऱ्या माणसाची मिशी नीट बघितली तर कधी कधी अंदाज येतो.

"मग तुम्ही कारगिलला होता?" तिघांनी एकदमच विचारलं.

"होतो. लढलो नाय. सामान पोचवलं," काका म्हणाले आणि लिमलेटच्या गोळ्यांची पुडी पुढे सरकवली.

कॉन्व्हॉय एकदाचा उतरला आणि आम्ही सुटलो. झोजिला साडेअकरा हजार फुटांच्या थोडा वर आहे. लडाखमधल्या इतर खिंडींच्या मानाने ही उंची काहीच नाही, पण भीती वाटते ती इथेच. एका बाजूला कच्चा डोंगर, दुसऱ्या बाजूला थेट खाली बालटाल, मध्ये चिखल आणि समोरून येणारा टँकर. खिंड ओलांडली की झाडं संपतात. खरंच संपतात, कोणी रेघ मारल्यासारखी. पुढे उघडे डोंगर आणि थंड वारा.

गुमरीपाशी झोजिलाच्या १९४८ च्या लढाईचं छोटं स्मारक लागतं. १ नोव्हेंबर १९४८ ला जनरल थिमय्यांनी ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे इथे चढवले. एवढ्या उंचीवर रणगाडे येतील असं समोरच्यांच्या स्वप्नातही नव्हतं. आमच्यातला एकजण फोनवर वाचून हे सगळ्यांना सांगत होता. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "रस्ता कोणी केला, ते लिहिलंय का?"

लिहिलेलं नव्हतं. रस्ता केला मद्रास सॅपर्सनी, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर लोकांनी. खेचरांच्या पाऊलवाटेचा रस्ता केला तेव्हा कुठे रणगाडे चढले. "रणगाड्याचा फोटो निघतो," काका म्हणाले, "फावड्याचा कुठं निघतो?" तक्रारीचा सूर नव्हता. हवा गार आहे म्हणावं, तसं म्हणाले.

द्रासला पोचायला अकरा वाजले. गावाच्या थोडं पुढे रस्त्याला लागूनच कारगिल युद्ध स्मारक आहे. गेटवर ओळखपत्रं दाखवली. आत झेंड्यांच्या दोन रांगांमधून विजयपथ जातो. टोकाला ज्योत आणि गुलाबी दगडाच्या भिंतीवर पितळेच्या पत्र्यांवर नावं. ऑपरेशन विजयमध्ये, म्हणजे कारगिलच्या युद्धात, ५२७ जण गेले. बाजूला बोफोर्सची तोफ आणि एक मिग-२१. हे सगळं फोटोंत बघितलेलं असतं. फोटोत येत नाही ते अंतर. भिंतीच्या मागे लगेच तोलोलिंग उभा आहे. दूर क्षितिजावर वगैरे नाही, इथेच, डोक्यावर. वर बसलेल्या माणसाला खालच्या रस्त्यावरची गाडी नुसत्या डोळ्यांनी दिसेल. श्रीनगर-लेहचा हा रस्ता म्हणजे लडाखचा गळा, आणि १९९९ च्या मे महिन्यात घुसखोर त्या गळ्यावर बसून तोफांचा मारा नेमका कुठे करायचा ते सांगत होते. १३ जूनला २ राजपुताना रायफल्सनी तोलोलिंग घेतला. त्याआधी १८ ग्रेनेडिअर्सनी तिथे दिवसच्या दिवस मार खाल्ला होता. ४ जुलैला टायगर हिल. ही माहिती तिथे ड्यूटीवरचा एक जवान देत होता. एकेका शिखराकडे बोट दाखवत, आवाज न चढवता.

माहिती संपली आणि लोक त्याच्याभोवती जमले. सेल्फी झाले. कोणीतरी "भारत माता की जय" म्हटलं, सगळ्यांनी साथ दिली. मी पुढे झालो. त्याचा हात हातात घेतला आणि कालपासून मनात घोळवून ठेवलेलं वाक्य बोललो: तुम्ही इथे जागता म्हणून आम्ही तिकडे सुखाने झोपतो. हिंदीत बोललो. तो जेमतेम पंचविशीचा असेल. त्याने मान हलवली आणि बुटांकडे बघितलं. दिवसातून पन्नास वेळा ऐकत असणार. शेवटी तोच म्हणाला, "मराठी काय?"

"हो! पुण्याचे आम्ही."

"मी जतकडचा. पाऊस कसाय तिकडं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुण्यात छत्री लागत होती, एवढंच मला माहीत. सांगली जिल्ह्याच्या त्या टोकाला जुलैत पाऊस झाला की नाही, पेरण्या झाल्या की खोळंबल्या, मला गंधही नव्हता. बरं झालं, आमच्यात तासगावच्या एक ताई होत्या. त्या पुढे आल्या. मग पाच मिनिटं दोघांचं म्हैसाळच्या पाण्यावर चाललं. कालव्याला पाणी सोडलं का, कुठवर आलं, बाजरी पेरली का तूर, डाळिंबाचं काय. त्या पोराचा चेहरा मोकळा झाला. हात हलवत बोलू लागला. तोलोलिंगची लढाई सांगताना त्याचा हात फक्त शिखर दाखवायला वर जात होता.

निघताना ताईंनी त्याच्या आईचा फोन नंबर घेतला. "गेल्यावर करते, तुला बघितलं म्हणून सांगते." मला हे सुचलं नव्हतं.

काका कुठेच दिसेनात. शोधलं तर मागे वीरभूमीत, नावांच्या दगडांमधून हळूहळू चालत होते. प्रत्येक दगडापाशी थांबत नव्हते, पण रेजिमेंटचं नाव वाचत होते. मी न बोलता बरोबर चाललो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "९ मेला कारगिलचं अ‍ॅम्युनिशनचं कोठार उडालं. त्यांचा गोळा बरोबर पडला त्याच्यावर. मग आमची पळापळ."

त्यानंतरचं सगळं त्यांनी कारगिलच्या रस्त्यावर गाडीत सांगितलं. विचारावं लागलं, आपणहून नाही. पण एकदा विचारल्यावर त्यांनी किती बारीक सांगितलं! त्या युद्धात आपल्या तोफखान्याने अडीच लाखांवर गोळे आणि रॉकेटं टाकली, असं सांगतात. बोफोर्सचा एक गोळा साधारण त्रेचाळीस किलोचा. "वर गेला तो तोफेनं गेला," काका म्हणाले, "पण तोफेपर्यंत कशानं गेला?" जुने शक्तिमान ट्रक, मागे गोळ्यांच्या पेट्या, आणि द्रासच्या पट्ट्यात फक्त रात्रीचा प्रवास. हेडलाइट बंद. सिगारेटसुद्धा नाही.

"मग दिसायचं काय?"

"गोळा."

ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध डिफरन्शियलचा फुगवटा असतो. मिलिटरीच्या गाड्यांना तो पांढरा रंगवतात आणि वर एक बारीक दिवा लावतात. वरून दिसणार नाही, समोरून दिसणार नाही. दिसणार फक्त मागच्या ड्रायव्हरला. अंधारात समोर तरंगणारा ताटलीएवढा पांढरा ठिपका. तो दिसतोय तोवर रस्ता आहे असं समजायचं. लहान दिसायला लागला की अ‍ॅक्सिलरेटर, मोठा व्हायला लागला की ब्रेक.

"आणि दिसेनासा झाला तर?"

"तर जागीच थांबायचं. आणि मागच्यानं तुमचा गोळा बघितला असंल अशी आशा करायची."

काकू खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्या म्हणाल्या, "मला हे आत्ताच कळतंय." चोवीस वर्षांत रजेवर आल्यावर काय सांगायचे, असं त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "गाडीचा ॲव्हरेज."

मी मग तो नेहमीचाच प्रश्न विचारला. त्या वेळी देशभरातून लोक पत्रं, वस्तू पाठवत होते, ते पोचायचं का? पोचायचं. बिस्किटं इतकी यायची की बिस्किटांचा कंटाळा आला. लोकरीचे पायमोजे आले तेव्हा मारामारी. आणि राख्या. शाळेतल्या मुलींच्या, "सैनिक दादास" लिहिलेल्या, पत्ता नुसता ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. काकांना आलेल्या पाकिटात राखीबरोबर अर्धं खोडलेलं एक गणित होतं, वहीचं पान तेच वापरलं असणार. राखी त्यांनी स्टिअरिंगला बांधली. गणितही ठेवलं. "तिचं उत्तर चुकलं होतं," ते म्हणाले. "मी दुरुस्त करून पाठवणार होतो. तिनं पत्ताच दिला नव्हता."

७ डिसेंबरला ध्वजदिन असतो, १९४९ पासून. लाल, गडद निळा आणि फिकट निळा असे तीन पट्टे असलेला कागदी झेंडा, तीन दलांचे तीन रंग. ऑफिसमध्ये पेटी घेऊन कोणी आलं की मी नोट टाकतो, झेंडा खिशाला टोचतो आणि संध्याकाळी तो शर्टाबरोबर धुवायला जातो. ते पैसे माजी सैनिक, वीरपत्नी, लढाईत अपंग झालेले जवान यांच्यासाठी जातात, हे ठाऊक होतं. काकांना विचारलं, तर ते दर वर्षी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दोन दिवस जाऊन बसतात. ज्यांना फॉर्म भरता येत नाहीत त्यांचे फॉर्म भरून द्यायला. पेन्शनमध्ये नावाचं एक अक्षर चुकलं तर एका म्हातारीचे किती हेलपाटे होतात, हे ते अर्धा तास सांगत होते. गाडीतले निम्मे झोपले. मला वाटतं, त्या दिवसाची सगळ्यात कामाची माहिती तीच होती.

कारगिलच्या अलीकडे चहाला थांबलो. टपरीपुढे फौजेचे दोन ट्रक उभे होते, चालवणारी पोरं चहा पीत होती. काका उतरले आणि सरळ पहिल्या ट्रकच्या मागे जाऊन वाकले. एक पोरगा ग्लास ठेवून लगबगीने आला, कपाळाला आठ्या. काकांनी वाकूनच विचारलं, "एएससी?"

"हां जी."

"मैं भी. एमटी. दो हजार पाँच में पेन्शन आया."

पोराच्या आठ्या गेल्या, पाय जुळले. "राम राम साब."

"राम राम." काका गुडघ्यावर बसले. झोजिलाच्या चिखलाने तो पांढरा गोळा पार झाकून गेला होता, वाळून त्यावर खपल्या धरल्या होत्या. त्यांनी खिशातून रुमाल काढला, आधी नखाने खपल्या उडवल्या, मग पुसायला लागले.

"रहने दो साब, मैं करता हूँ," पोरगा म्हणत होता.

"चाय पी तू. ठंडी होगी."

काकूंनी गाडीतून पाण्याची बाटली माझ्याकडे दिली. मी ती नेऊन त्यांच्या शेजारी बसलो आणि रुमालावर थोडं थोडं पाणी ओतत राहिलो.