वाडे-चर्च ड्राइव्ह, अपडेट ६: जांबोटीचा फाटा अखेर सुटला!

बेळगावाभोवतीचे जुने वाडे नि चर्च गाडीनं बघायचा एक मार्ग नकाशावर तयार करतोय, त्यातला हा फाटा अडला होता. तीन रविवार घालवले पण सुटला एकदाचा. मागच्या वेळी लिहिलं होतं की बेळगाव ते खानापूर मला हायवेनं न्यायचंच नाही, पिरनवाडीला उजवीकडं वळून किणये, कुसमळी, जांबोटी असं जंगलाकडनं न्यायचंय, कारण हायवेनं २५-२६ किमी सरळ गेलं की वाटेत बघायला काय उरतंय? पण नेव्हिगेशन ॲपला ते पटतच नव्हतं. पिरनवाडी आली की बाई म्हणतेय सरळ जा, मच्छे, गणेबैल, टोल.

मग जांबोटीला पिन टाकली. झालं, तिथं पोचलो की "तुम्ही पोचलात" म्हणून आवाजच बंद, पुढची सूचना नाही, आणि तंद्रीत गाडी खानापूर सोडून चोर्ला घाटाच्या दिशेनं चार किमी गेली. वळण पक्कं करायला कुसमळीच्या अलीकडं अजून एक पिन टाकली तर ती चिकटली शेतातल्या वाटेला. मी वळलो आत. गोठ्यापुढं एक आजी शेणी थापत होत्या, त्या म्हणाल्या, "कुठं जाऊलालास रे बाळा, ही वाट आमच्या परड्यातच संपतीय." चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. आणि वर स्टॉपची मर्यादा, नऊ थांबे नि शेवटचं ठिकाण, बस. वळणांसाठीच चार पिना खर्च झाल्या तर वाड्यांना काय ठेवायचं?

उत्तर शेवटी जीपीएक्स फाइलमध्येच (जीपीएसचे बिंदू नि रेघा साठवणारी फाइल) होतं. आपण सगळे 'रूट' एक्सपोर्ट करत होतो. रूट म्हणजे नुसते मोजके बिंदू, मधला रस्ता ॲप आपल्या मनानं काढतंय. 'ट्रॅक' म्हणजे गाडी जिथनं गेली ती अख्खी रेघ. मी स्वतः जांबोटीवरनं गाडी चालवत ट्रॅक रेकॉर्ड केला, ओस्मअँड या नकाशा ॲपमध्ये उघडून त्याच्यावरच नेव्हिगेशन लावलं, आणि काल सकाळी पिरनवाडीला ते "उजवीकडे वळा" म्हणालं तेव्हा गाडीत एकटाच ओरडलो. जांबोटीला डावीकडं खानापूर, तेही बरोबर. वाडे-चर्च आता वेगळे वेपॉइंट, म्हणजे नकाशावरच्या सुट्या खुणा, हवे तेवढे टाका. ऑफलाइन नकाशा घरीच उतरवून घ्या, जंगलात रेंज जातीय. आणि काचेला चिकटवायचा मोबाइल स्टँड घेऊ नका, कुसमळीच्या खड्ड्यात माझा दोनदा पडला, एसीच्या जाळीचा क्लिपवाला लै बरा.

नंदगडचं चर्च झालं. तिथल्या एका वाड्याचा फोटो मिळाला त्याचा आनंद वेगळाच. दिंडी दरवाजा, वर गणेशपट्टी, आणि डावीकडच्या लोखंडी कडीखाली लाकूड अर्धगोल झिजलेलं, कितीतरी वर्षं कडी तिथंच आपटत असणार. मालक म्हणाले फोटो घ्या पण पिन नको, घरात माणसं राहतात. अगदी बरोबर आहे. म्हणून राहत्या घरांच्या पिना मी फाइलमधनं काढल्या, गल्लीच्या तोंडाला एकच खूण ठेवली. तुम्हीपण तसंच करा, प्लीज.

शहरातला भाग मात्र गाडीनं जमणार नाही हे आता पटलंय. कॅम्पातलं १८६९ चं सेंट मेरीज चर्च ठीक, तिथं गाडी लागते, पण १८९२ मध्ये विवेकानंद बेळगावात आले तेव्हा आधी वकील भाट्यांच्या घरी तीन दिवस राहिले ती रिसालदार गल्ली? शनिवारी बाजाराच्या वेळी घुसलो आणि रिव्हर्समध्ये बाहेर आलो. विवेकानंद पुढं नऊ दिवस वनाधिकारी हरिपद मित्रांकडं बेळगावच्या किल्ल्यात होते, तर गल्ली ते किल्ला हा वेगळा पायी ट्रॅक करतो. म्हणजे फाइली दोन.

हे लिहिता लिहिता अजून एक सुचलं. खानापूरच्या पुढं हलशीची जुनी देवळं करून परत त्याच रस्त्यानं बेळगावला कशाला यायचं? हलशीवरनं नंदगडला यायचं, १८३१ मध्ये इंग्रजांनी कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला जिथं फाशी दिलं तिथं थांबायचं, मग बिडीमार्गे कित्तूर, राणी चन्नम्माच्या वाड्याचे अवशेष बघून हायवेनं घरी. पूर्ण लूप होतोय! आणि १८२४ ची इंग्रजांविरुद्धची कित्तूरची लढाई आणि रायण्णा एकाच दिवसात जोडले जातात. मग निपाणीचा वाडा या फाइलमधनं बाहेर, तो उत्तरेला, त्याचा संकेश्वर-हुक्केरीबरोबर वेगळा दिवस.

बिडी-कित्तूर रस्ता मी अजून चालवलेला नाही, पुढच्या रविवारी सकाळी सहाला निघतोय, टाकी फुल करून. कुणी अलीकडं गेलं असेल तर रस्ता कसा आहे तेवढं सांगा, माझी गाडी खाली टेकतीय.