चढावर हात सोडणारी मोटर

तक्रार एका वाक्यात मावणारी होती. उभ्या चढावर, नेमकी गरज असते तेव्हा ई-बाइकची मोटर हात सोडते. डिस्प्लेवर एरर येते, बंद करून चालू केलं की पुन्हा सगळं सुरळीत. सपाटीवर काही होत नाही, उतारावरही नाही.

बाइक हलक्या वर्गातली होती. कार्बन फ्रेम, 29 इंची चाकं, मागे 140 मिलिमीटर ट्रॅव्हल (चाक वर-खाली जाण्याची लांबी), वजन जेमतेम 19 किलो, 360 वॅट-अवरची बॅटरी फ्रेमच्या आत. मालक निदान करूनच आले होते.

"मोटर गेलीय हो. वॉरंटीत बदलून मिळेल ना?"

"गेली असेल तर पाठवू. पण मला आधी सांगा, बसून चढवताना होतं की उभं राहून?"

"बसूनच. दगडांच्या पायऱ्या लागल्या की हमखास."

या उत्तरानेच निम्मं काम झालं. मोटर तापली की ती ताकद हळूहळू उतरवते, एकदम सोडत नाही. बॅटरीचा कनेक्टर सैल असेल तर डिस्प्लेसकट सगळंच विझतं, आणि ते बहुतेक वेळा उतारावर, आदळआपट होताना. पेडलवरचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर बिघडला तर सपाटीवरही पेडल मारताना मदत कमीजास्त होत राहते. इथे डिस्प्ले चालू होता, फक्त मदत थांबत होती, आणि एररचा क्रमांक मागच्या चाकाच्या स्पीड सेन्सरचा होता.

हा सेन्सर म्हणजे चेनस्टेवर, मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीवर, बसवलेला छोटा तुकडा. चाकावरचा मॅग्नेट त्याच्यासमोरून गेला की दर फेऱ्याला एक पल्स मोटरकडे जाते. मोटरला पेडल किती फिरतंय ते स्वतःचं कळतं, पण मागच्या कॅसेटवर (दातेरी चक्रांवर) चेन कुठल्या दातांवर आहे ते कळत नाही, म्हणून बाइकचा खरा वेग तिला चाकाकडूनच घ्यावा लागतो. युरोपात ताशी 25 किलोमीटरला आणि अमेरिकेत पहिल्या वर्गाच्या ई-बाइकला ताशी 20 मैलांना मदत थांबवणं बंधनकारक आहे. पेडल फिरतंय, मोटर जोर लावतेय आणि चाकाच्या पल्स येत नाहीत, असं झालं की वेगाची खात्री उरत नाही आणि मोटर मदत बंद करते. म्हणजे ती तिचं काम चोख करत होती.

बाइक वर्कशॉपच्या स्टँडवर लावली तर दोष दिसेना. मॅग्नेट घट्ट, सेन्सरवरच्या खुणेसमोर बरोबर, मधलं अंतर ठीक. हे अंतर उत्पादकाच्या पत्रकात दिलेलं असतं. बॉशच्या स्पोक-मॅग्नेटच्या जुन्या रचनेत ते 5 ते 17 मिलिमीटर आहे. ब्रेकचा रोटर वाकडा नव्हता, चाकाचा ॲक्सल पूर्ण आवळलेला होता. पेडल कितीही फिरवा, वेग अचूक दिसायचा. अशा वेळी सेन्सर बदलून बघायचा मोह होतो. तसं केलं तर कारण कधीच कळत नाही, आणि नवा सेन्सरही त्याच कारणाने मरतो.

स्टँडवरची बाइक आणि चढावरची बाइक यांत एक मोठा फरक असतो. स्टँडवर मागचं सस्पेन्शन पूर्ण उघडं असतं. माणूस बसला की ते दबतं, उभ्या चढावर वजन मागे सरकल्यावर आणखी दबतं, आणि पायरीवर चाक आपटलं की त्याहून खाली जातं. "बसून" आणि "पायऱ्या" हे दोन्ही शब्द तिकडेच बोट दाखवत होते.

मग चढावरच का, उतारावर तर सस्पेन्शन याहून जास्त दबतं? त्याचं उत्तर आकड्यांत आहे. 29 इंची चाकाचा परीघ साधारण 2.3 मीटर. ताशी 6 किलोमीटरने चढताना एका फेऱ्याला जवळजवळ 1.4 सेकंद लागतात, म्हणजे एकच पल्स चुकली तरी पावणेतीन सेकंदांची पोकळी पडते. ताशी 20 ला सेकंदात दोनपेक्षा जास्त पल्स येतात, एखादी हुकली तर मोटरच्या ते गावीही नसतं. शिवाय उतारावर पेडल थांबलेलं असतं, मोटर जोरच लावत नसते, मग सोडणार काय?

पहिली पायरी, मागच्या सस्पेन्शनच्या शॉकमधली हवा काढणं. इथे घाई नडते. व्हॉल्व्ह दाबून एका दमात हवा सोडली तर आतल्या निगेटिव्ह चेंबरमध्ये (शॉकला उलट बाजूने ढकलणाऱ्या कप्प्यात) दाब अडकून राहतो आणि शॉक आकसून खालीच बसतो. म्हणून थोडी सोडायची, शॉक हळू दाबून उघडायचा, पुन्हा थोडी सोडायची. त्यानंतर बाइक बंद केली, बॅटरीचा कनेक्टर काढला, मोटरचं कव्हर उघडून सेन्सरचं टोक मोकळं केलं. या बाइकचा सेन्सर रीड स्विचचा होता, दोन तारांचा. मॅग्नेट समोर आला की आतला संपर्क जुळतो. मल्टिमीटर बीपवर ठेवून दोन्ही तारांना टोकं लावली. (हॉल सेन्सर असेल तर ही युक्ती चालत नाही, त्याला आधी वीज द्यावी लागते.)

वर्कशॉपमधल्या मुलाला सांगितलं, "तू चाक सावकाश फिरवत राहा, मी स्विंगआर्म उचलतो." स्विंगआर्म म्हणजे मेन पिव्हटवर, मुख्य सांध्यावर, हलणारा फ्रेमचा मागचा भाग.

बीप. बीप. बीप. अर्ध्या ट्रॅव्हलपर्यंत नियमित. साठेक टक्क्यांवर पोचताच आवाज बंद, चाक फिरतच होतं. हात सैल सोडला, पुन्हा बीप. मालक शेजारीच उभे होते. मोटरचा विषय तिथेच संपला.

मोटर खाली उतरवल्यावर वायर दिसली. चेनस्टेमधून आलेली वायर मेन पिव्हटच्या खालून, त्याच्या ॲक्सलला लागून, थोडी ढील ठेवून मोटरकडे जायला हवी. ती वरून ओढून घेतलेली होती आणि पिव्हटजवळच प्लॅस्टिकच्या टायने करकचून बांधलेली. काही काळापूर्वी दुसरीकडे पिव्हटची बेअरिंगं बदलून घेतली होती असं मालक म्हणाले, तेव्हाच हे झालेलं. वायर पिव्हटच्या अक्षाला जितकी जवळ, तितकी स्विंगआर्म फिरताना तिची लांबी कमी बदलते. अक्षापासून दूर गेली की प्रत्येक दाबाला ती ताणते नाहीतर चेपते. इथे वरच्या बाजूला फ्रेम आणि स्विंगआर्मच्या मधली फट सस्पेन्शन दबताना मिटत जाते, आणि वायर त्या फटीत होती.

बाहेरचं आवरण फाटलेलं नव्हतं, तीन-चार मिलिमीटरची एक चपटी, चकाकणारी जागा तेवढी होती. ब्लेडने आवरण उभं चिरलं. आतल्या दोनपैकी एका तारेचे तांब्याचे बारीक धागे सगळेच्या सगळे तुटले होते. वायर सरळ असली की तुटलेली टोकं एकमेकांना टेकायची, वाकली की सुटायची. म्हणून स्टँडवर शंभर टक्के नीट.

अशी तार मी तिथल्या तिथे सोल्डरचा डाग देऊन जोडत नाही. डाग दिलेला भाग कडक होतो, आणि सतत हलणाऱ्या जागी तार नेमकी त्या कडक भागाच्या कडेला पुन्हा तुटते. वायरसकट अख्खा सेन्सर बदलला. नवी वायर ओढताना जुनीच्या टोकाला बांधून चेनस्टेमधून नेली, आत खडखड होऊ नये म्हणून तिच्यावर फोमची नळी चढवली. पिव्हटखाली सैल वळण ठेवलं, टाय पिव्हटपासून चार सेंटिमीटर मागे आणि फक्त टेकेल इतपत. मग शॉकमध्ये हवा नसतानाच स्विंगआर्म अगदी वरपर्यंत आणि अगदी खालपर्यंत नेऊन दोन्ही टोकांना वायर बोटाने हलवून पाहिली. दोन्हीकडे दोन-तीन मिलिमीटर ढील राहायला हवी. हे मोटर परत बसवण्याआधीच करायचं, नंतर ती जागा दिसतही नाही.

मोटरचे बोल्ट हा वेगळा काळजीचा विषय. आटे साफ करून, पत्रकात सांगितलं असेल तिथेच थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा द्रव) लावून, सगळे आधी हाताने टेकवायचे, मग आलटून पालटून दोन टप्प्यांत टॉर्क रेंचने पूर्ण करायचे. आकडा त्या फ्रेमच्या पत्रकातलाच घ्यायचा, दुसऱ्या बाइकचा चालत नाही. एक बोल्ट आधीच पूर्ण आवळला तर मोटर तिरकी बसते आणि दर पेडलला कुरकुर ऐकू येते. मग लोक बॉटम ब्रॅकेटला (पेडलच्या दांड्यांच्या बेअरिंगला) दोष देत बसतात.

आता सॅग, म्हणजे माणूस बसल्यावर शॉक किती दबतो ते. शॉकचा स्ट्रोक (दबण्याची पूर्ण लांबी) 55 मिलिमीटर. मालक पूर्ण सामानासह बसल्यावर शॉकवरची खुणेची ओ-रिंग 23 मिलिमीटरवर गेली, म्हणजे 42 टक्के. "मऊ वाटावी म्हणून हवा कमी केली होती," ते म्हणाले. बेअरिंगं बदलल्यानंतरच केली होती, म्हणून दोष इतक्या लवकर उघडा पडला. नुसती हवा भरून दिली असती तर तक्रार काही काळ गेली असती आणि तार आत तुटतच राहिली असती. हवा 30 टक्क्यांवर, साडेसोळा मिलिमीटरवर आणली. भरताना मध्ये मध्ये शॉक पहिल्या पाव ट्रॅव्हलमध्ये दहा वेळा सावकाश दाबायचा, म्हणजे दोन्ही चेंबरमधला दाब जुळतो, नाहीतर मोजलेला सॅग खोटा असतो. हवा वाढली की शॉक जोराने उसळतो, म्हणून रिबाउंड (शॉक परत उघडण्याचा वेग) दोन क्लिक सावकाश केला. सॅग बरोबर आल्यावर बॉटम ब्रॅकेट वर येतो आणि पेडल दगडांना लागणंही कमी होतं.

चाचणी चढावरच घेतली, नव्या हवेवर एकदा आणि मुद्दाम जुन्या कमी हवेवर एकदा. दोष ज्या स्थितीत यायचा ती स्थिती पुन्हा उभी केल्याशिवाय दुरुस्ती झाली असं मी मानत नाही. मोटर कुठेच थांबली नाही.

तरी मालकांचं समाधान अर्धंच. "बंद पडत नाही, मान्य. पण माझ्या आधीच्या जड ई-बाइकसारखी ओढत नाही."

ओढणार नाहीच, पण आत्ता देते त्याहून जास्त नक्की देऊ शकते. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग. क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) 50 न्यूटन-मीटर देणारी मोटर मिनिटाला 40 फेऱ्यांवर जास्तीत जास्त 209 वॅट देऊ शकते, 85 न्यूटन-मीटरची तेवढ्याच फेऱ्यांवर 356. टीक्यू एचपीआर50 ही 50 न्यूटन-मीटर आणि कमाल 300 वॅटची मोटर घ्या, हिशेबाने ती 57 फेऱ्यांच्या आधी 300 वॅट गाठूच शकत नाही. बॉशची परफॉर्मन्स लाइन एसएक्स बाजारात आली तेव्हा तिची कमाल 600 वॅट होती, पण टॉर्क 55 न्यूटन-मीटर, म्हणून ते 600 वॅट शंभराच्या पुढच्या फेऱ्यांवरच निघायचे. जड बाइकवरून हलक्या बाइकवर आलेला माणूस जुन्या सवयीने मोठ्या गिअरमध्ये पाय रेटतो आणि मोटर कमजोर आहे असं ठरवतो.

मालक पुढे 32 दातांच्या चेनरिंगवर (पेडलजवळच्या चक्रावर) मागे 36 दातांत चढत होते. ताशी 6 किलोमीटरला हे होतात 49 फेरे. 52 दातांवर टाकलं की त्याच वेगाला 71. तोच चढ त्यांना गिअर बदलून पुन्हा चढायला सांगितला. पायरीच्या आधी गिअर हलका करायचा, कारण पायरीवर जोर लावलेला असताना गिअर टाकला तर चेन आणि कॅसेट दोन्ही मार खातात. पायरीवरही पेडल फिरतं ठेवायचं, थांबलं की मदतही थांबते. परत आले तेव्हा ताकदीबद्दल काही बोलले नाहीत, मधला मोड कसा लावायचा ते विचारलं.

मधला मोड लावताना आधी बॅटरीचा हिशेब मांडावा. माणूस 75, सामान 5, बाइक 19, एकूण 99 किलो. 1000 मीटर उंची चढायला नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध 270 वॅट-अवर लागतात. दहा टक्के चढाच्या मातीच्या वाटेवर टायरचं घर्षण आणखी साठ-सत्तर घेतं. निम्मं काम पाय करतात आणि मोटरची कार्यक्षमता 75 टक्के धरली तर बॅटरीतून सव्वादोनशे वॅट-अवर जातात. म्हणजे 360 ची बॅटरी साधारण 1600 मीटर चढवते. एवढं सकाळी निघताना डोक्यात असावं. त्यांच्या ॲपमध्ये मधल्या मोडची कमाल ताकद 180 वॅटवर बांधली आणि पायांच्या प्रमाणातली मदत मात्र जास्त ठेवली, त्यामुळे हलक्या पेडलिंगलाही साथ मिळते आणि एकदम जोर लावला की बॅटरी उपसली जात नाही. सगळ्यात वरचा मोड मोकळा सोडला, पायऱ्यांसाठी.

टायरकडे लोक शेवटी बघतात, बघावं आधी. शंभर किलोच्या एकूण वजनावर रोलिंग रेझिस्टन्सचा (टायर फिरताना होणाऱ्या अडथळ्याचा) गुणांक फक्त 0.01 ने वाढला की 10 न्यूटन जास्तीचा अडथळा येतो, ताशी 12 किलोमीटरला 33 वॅट. कमाल 300 वॅटच्या मोटरवर हे ओझं लहान नाही. मागे अतिमऊ रबराचा डाउनहिल टायर होता, तो काढून ट्रेल टायर चढवला, मऊ रबर पुढेच ठेवलं, तिथे पकड लागते. दाब पुढे 22 आणि मागे 25 पीएसआय, ट्यूबलेसमध्ये, त्यांच्या 75 किलोच्या वजनाला. मागचा ब्रेकही पुसटसा घासत होता. कॅलिपरचे दोन्ही बोल्ट सैल करून, लिव्हर दाबून धरून पुन्हा आवळले, रोटर मोकळा झाला.

बाइक देताना सर्व्हिस पत्रकावर एक ओळ लाल शाईने लिहून दिली: मेन पिव्हट उघडाल तेव्हा सेन्सरची वायर पिव्हटच्या ॲक्सलच्या खालून, टाय चार सेंटिमीटर मागे, आणि शॉक रिकामा करून पूर्ण ट्रॅव्हल तपासल्याशिवाय मोटरचं कव्हर लावू नये.