मांडवीच्या भरती-ओहोटीत होडीसाठी विजेची मोटर निवडताना

होडी १४ फुटी, फायबरची, दोन्ही टोकांना निमुळती. गोव्यातला कुंभारजुव्याचा कालवा आणि मांडवी नदीचा खालचा भाग, एवढाच तिचा फिरण्याचा टापू. चोणक आणि तांबशासारख्या माशांवर गरवताना इंजिनाचा आवाज नको, म्हणून तिला विजेची ट्रोलिंग मोटर, म्हणजे होडी सावकाश चालवणारी बॅटरीवरची छोटी मोटर, बसवायची ठरवली. निवडीत एक अख्खा हंगाम गेला, कारण मी आधी थ्रस्टचा, म्हणजे मोटर होडीला किती जोराने ढकलते त्याचा आकडा बघत बसलो. आता कोणी विचारलं तर क्रम असा सांगतो: आधी पाण्याची ओढ, मग बॅटरी, मग वायर आणि सगळ्यांत शेवटी मोटर.

थ्रस्टचा ढोबळ नियम सोपा आहे. दर १०० पौंड वजनामागे २ पौंड थ्रस्ट. होडी १२० किलो, दोन माणसं १५० किलो, बॅटरी, बर्फाची पेटी, नांगर आणि सामान ५० किलो. एकूण ३२० किलो, म्हणजे साधारण ७०० पौंड. नियमाने १४ पौंड पुरतात. पण हा हिशेब तळ्यातल्या उभ्या पाण्याचा. वाहत्या पाण्यात आणि समोरून वारा असताना मी तो तिपटीने धरतो, म्हणजे ४० च्या पुढे. १२ व्होल्टवर चालणाऱ्या मोटरी साधारण ५५ पौंडांपर्यंत मिळतात. त्यापुढे २४ व्होल्ट, म्हणजे दोन बॅटऱ्या. एवढ्या होडीत दोन बॅटऱ्यांचं ओझं नको, म्हणून ५५ वर थांबलो.

थ्रस्ट वाढवला की वेग वाढतो, हा समज मात्र आधी काढून टाकायला हवा. ट्रोलिंग मोटरचा पंखा कमी वेगासाठीच घडवलेला असतो. अशी होडी ताशी ५ ते ६ किलोमीटरच्या पुढे फारशी जात नाही, मग मोटर ५५ ची असो की ८० ची. जास्त थ्रस्टने जड होडी हलते आणि वाऱ्यात टिकते, एवढंच.

आता ओढ. उधाणाच्या दिवसांत मांडवीच्या खालच्या भागात पाणी सेकंदाला १ मीटरच्या घरात धावतं, म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर. मोटर ताशी ५ ने चालवली तरी समोरच्या ओढीत होडी पुढे सरकते ताशी दीडच्या आसपास. ५५ पौंडांची मोटर पूर्ण जोरात ५० अँपिअर ओढते. १०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीतले ८० वापरायचे ठरवले, तर पूर्ण जोरात दीड तास मिळतो. उभ्या पाण्यात त्यात ७ ते ८ किलोमीटर होतात, ओढीविरुद्ध जेमतेम २. हे गणित कागदावर मांडलं तेव्हाच कळलं की घरी परत आणते ती ओहोटी किंवा भरती, मोटर फक्त हातभार लावते. म्हणून जाताना भरतीबरोबर वर आणि येताना ओहोटीबरोबर खाली, असाच बेत ठेवतो. तक्ता मुरगाव बंदराचा बघतो. आतल्या पाण्यात वेळ त्याच्या मागे पडते, म्हणून आपल्या धक्क्यावर एका खांबाला खुणा करून चार-सहा दिवस फरक टिपून ठेवावा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा, मोटर सुखाने चालते, नवख्याने तेव्हाच सुरुवात करावी.

बॅटरीत सगळ्यात जास्त चुका होतात. घरी इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर लेड-ॲसिड बॅटरी असते आणि तीच होडीत टाकावी असं वाटतं. मीही तीच आधी लावून बघितली. तिचा १५० हा आकडा २० तासांत सावकाश रिकामी केली तर, म्हणजे ७.५ अँपिअरने. तिच्याकडून ५० अँपिअर मागितले की मिळणारा साठा बराच कमी होतो, आणि तोही अर्ध्याच्या खाली नेला तर तिचं आयुष्य घटतं. वर ५० किलोच्या पुढे वजन, उंच डबा आणि होडी कलली की ॲसिड सांडायची भीती. गाडीची बॅटरी तर अजिबात नको. ती क्षणभर मोठा करंट द्यायला बनवलेली असते, खोलवर रिकामी केली की काही फेऱ्यांतच बसते.

शेवटी १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. वजन १२ किलोच्या आसपास. घेताना आतल्या बीएमएसचा, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटचा आकडा विचारा: सतत १०० अँपिअर देणारा हवा. सतत ५० चा असेल तर पूर्ण जोरात तो केव्हाही वीज तोडतो आणि मोटर भर ओढीत बंद पडते. लेड-ॲसिड हळूहळू मंदावून इशारा देते, लिथियम तसा देत नाही. तिचा व्होल्टेज बराच वेळ जवळजवळ सपाट राहतो, म्हणून व्होल्टमीटरवर विसंबू नका. आत गेलेले आणि बाहेर आलेले अँपिअर मोजणारा शंट असलेला मीटर लावा. चार्जर १४.४ ते १४.६ व्होल्टचा, लिथियमसाठीचाच. डिसल्फेशन करणारा, म्हणजे लेड-ॲसिडच्या प्लेटांवरचा थर काढणारा, जुना चार्जर हिला लावू नये.

वायरीकडे कोणी लक्ष देत नाही. दुकानातून मला ६ चौरस मिलिमीटरची वायर मिळाली होती. बॅटरी नाळेकडे म्हणजे पुढच्या टोकाला, मोटर मागे, जाऊन-येऊन ६ मीटर. ५० अँपिअरला त्यात जवळपास ०.९ व्होल्ट वाटेतच जातो आणि वायर गरम होते. १६ चौरस मिलिमीटर घेतली तर घट ०.३ व्होल्टवर येते. कलई केलेली तांब्याची वायर मिळाली तर तीच घ्या. साधं तांबं खाऱ्या हवेत आतून काळं पडतं. टोकांना लग (जोडणीची धातूची टोपणं) हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घ्यावेत, वर गोंद असलेली हीटश्रिंक नळी, आणि टर्मिनलला पेट्रोलियम जेली. फुलपाखरी नट हाताने आवळलेला राहिला तर तो सैल होतो आणि तिथेच टर्मिनल वितळतं. बॅटरीच्या अगदी जवळ, प्लसच्या वायरीवर ६० अँपिअरचा डीसी ब्रेकर हवाच. पंख्यात जाळं अडकलं की मोटर जळण्याआधी तोच पडतो. करंट तपासायचा असेल तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर मागून घ्या, साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो.

एवढं झाल्यावर मोटर. पहिला प्रश्न खाऱ्या पाण्याचा. भरतीचा परिणाम मांडवीत गांजे गावापर्यंत, मुखापासून ५० किलोमीटरच्या आसपास पोचतो आणि उन्हाळ्यात खारटपणाही बराच आत येतो. नदी आहे म्हणून गोड्या पाण्याची मोटर चालेल, असं धरू नये. मिन कोटाची एंड्युरा गोड्या पाण्यासाठी आहे, रिपटाईड खाऱ्यासाठी. दुसऱ्या कुठल्या कंपनीची घेतली तरी खालच्या भागावर खाऱ्या पाण्याचं कोटिंग आणि ॲनोड आहे का ते विचारा. ॲनोड म्हणजे धातूचा तुकडा, तो स्वतः झिजतो आणि मोटरीचं कवच वाचवतो. निमखाऱ्या पाण्यात जस्तापेक्षा ॲल्युमिनियमचा ॲनोड बरा. पावसाळ्यात पाणी गोडं झालं की जस्तावर थर बसून तो काम थांबवतो. ॲनोडवर रंग मारायचा नाही आणि अर्धा झिजला की बदलायचा.

दुसरा प्रश्न वेगाच्या नियंत्रणाचा. ५ पुढचे आणि ३ मागचे टप्पे असलेल्या मोटरीत खालच्या टप्प्यावर थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते. डिजिटल नियंत्रणाची मोटर महाग असते, पण ती वेगाला लागेल तेवढीच वीज घेते. वेग ७० टक्क्यांवर आणला की लागणारी शक्ती साधारण एक तृतीयांशावर येते. दिवसभर मंद फिरायचं असेल तर तो जादा पैसा बॅटरीतून वसूल होतो. नाळेवर बसणाऱ्या, जीपीएसने जागा धरणाऱ्या मोटरीही बघितल्या. निमुळत्या नाळेवर त्यांची बैठक नीट येत नाही, माझं काम नांगरावर भागतं.

दांड्याची लांबी दोन माणसं आणि सगळं सामान होडीत ठेवून मोजावी. मोटर ज्या फळीवर बसते तिच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंत माझ्याकडे १४ इंच आले, म्हणून ३६ इंची दांडा. पंख्याचं वरचं टोक पाण्याखाली ३० सेंटीमीटर तरी हवं. कमी राहिलं तर पंखा हवा ओढतो, आवाज चढतो आणि जोर जातो. जास्त लांब घेतला तर सुकतीला, म्हणजे पूर्ण ओहोटीला, कालवं चिकटलेल्या खडकावर आपटतो. आपटल्यावर पंख्याची पिन तुटते, तीच तुटावी म्हणून बनवलेली असते. दोन पिना, एक नट आणि पाना डब्यात ठेवाच.

दोन्ही टोकं निमुळती, त्यामुळे मोटर कुशीला, म्हणजे होडीच्या बाजूला, लावावी लागली. सागवानाची ४५ मिलिमीटरची फळी, ३१६ स्टीलचे ८ मिलिमीटरचे बोल्ट, आतून मोठी पट्टी, भोकात मरीन सीलंट. ३०४ स्टील इथे लवकर तांबेरतं. कुशीच्या मोटरीने होडी एका बाजूला वळत राहते, म्हणून फळी शक्य तेवढी मागे घेतली आणि बॅटरी दुसऱ्या कुशीला, तळापासून ५ सेंटीमीटर उंच, पट्ट्याने बांधली. मोटरीला सुरक्षेची दोरी वेगळी.

होडीची नोंदणी असेल तर मोटर लावण्याआधी बंदर कप्तान आणि मत्स्योद्योग खात्यात विचारून घ्यावं. मानशीजवळ, म्हणजे खाजण शेतांच्या बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ, चोणक असतो, पण तिथल्या मासेमारीची पावणी म्हणजे लिलाव झालेला असतो, लांब राहावं. वल्ही दोन आणि लाइफ जॅकेट दरवेळी. नदीच्या मुखाबाहेर ही मोटर घेऊन जायचं नाही.

परत आल्यावर मोटर गोड्या पाण्याने धुतो आणि पाच-सहा फेऱ्यांनी पंखा काढून मागे बघतो. तुटलेली तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) तिथे गुंडाळली जाते आणि सील कापते, मग पाणी आत. कालव्यात मगरी आहेत, तेव्हा पंखा साफ करायचा तो मोटर वर घेऊन, होडीच्या आत. पाण्यात हात घालायचा नाही. पावसाळ्यात बॅटरी निम्म्याच्या थोडी वर भरून कोरड्या खोलीत ठेवतो, लेड-ॲसिड असती तर पूर्ण भरून ठेवली असती.